कडू कंदाची भाकरी

साबुदाणा ज्या कसाव्याचा करतात, त्याच्या कडू वाणाचा कंद किसून पिळला की खाली भांड्यात पिवळसर, दुधाळ रस जमतो. कोंबडीने किंवा कुत्र्याने तो कच्चा प्यायला तर ते जनावर मरतं, कारण त्यात सायनाइड असतं. ब्राझील आणि कोलंबियाच्या सीमेवर, अ‍ॅमेझॉनच्या वायव्य कोपऱ्यात, वाउपेस आणि रिओ नेग्रो या नद्यांच्या काठी तुकानो, देसाना, तुयुका, कोतिरिया, बानिवा असे बरेच आदिवासी समाज राहतात. ते याच कंदाची भाकरी रोज खातात आणि तोच रस उकळून संध्याकाळी गरम गरम पितात. गोडा कसावाही त्यांना ठाऊक आहे, शेताच्या एखाद्या कोपऱ्यात थोडा लावतातही. पण शेत भरून लावतात तो कडूच.

‘बिचारे विषारी कंदही पोटाला घालतात’ अशा सुरात यावर लिहिलेलं वाचलं की मला वाईट वाटतं. त्यांनी कडू कंद पारखून निवडलेला आहे. रिओ नेग्रो म्हणजे काळी नदी. तिचं पाणी कोऱ्या चहासारखं दिसतं, आणि काठची जमीन आम्ल, बरीचशी रेताड, कस नसलेली. तिथे मका जेमतेम येतो, कसावा मात्र तग धरतो. त्यातही कडू वाणाच्या वाटेला किडामुंगी आणि कंद उकरणारी जनावरं कमी जातात. शिवाय तिथल्या बायकांच्या मते भाकरी कडू कंदाचीच चांगली होते, गोड्याला ती चव आणि तो पोत नाही. उकरून काढलेला कंद दोन-तीन दिवसांत आतून निळ्या-काळ्या रेघा पडून खराब होतो, पण जमिनीत ठेवला तर महिनोन्‌महिने राहतो. म्हणून शेत हीच त्यांची कणगी. लागेल तसा कंद काढायचा, त्याच झाडाच्या खोडाचे वीत-दीड वीत लांबीचे तुकडे करून पुन्हा रोवायचे.

शेती फिरती. पावसाने उघडीप दिली की जंगलाचा एक तुकडा तोडायचा, काही आठवडे वाळू द्यायचा आणि पेटवायचा. राखेने आम्लता थोडी उतरते, त्यावर कसावा. दोन-तीन वर्षांनी जमीन थकली की दुसरीकडे जायचं. जुनं शेत मात्र टाकून देत नाहीत. तिथे आधीच लावलेले पुपुन्या ताड, उमारी आणि इंगाची झाडं वाढत असतात, आणि फळांसाठी त्या वाटेने येणं-जाणं पुढे कितीतरी वर्षं चालू राहतं.

तोडायचं आणि पेटवायचं काम पुरुषांचं, कसावा सगळा बायकांचा. एकेका बाईच्या शेतात वेगवेगळ्या नावांचे डझनावारी वाण असतात. या भागात शंभराहून अधिक वाणांची नोंद झाली आहे. इतके वाण साठण्याचं एक कारण लग्नाच्या रीतीत आहे. तुकानो गटाच्या समाजांत वडिलांची भाषा ती आपली भाषा, आणि लग्न दुसऱ्या भाषेच्या घरातच करायचं. मुलगी नवऱ्याच्या गावी जाते. माहेरून वाणांच्या काड्या येतात, सासूबाई आपल्याकडच्या देतात. दोन नदीकाठांचे वाण असे एका शेतात येतात. राबात कसाव्याचं एखादं बी आपोआप रुजलं तर बाई ते उपटत नाही. वाढू देते, कंद कसा निघतो ते बघते आणि पसंत पडला तर त्याला नाव देऊन ठेवून घेते. रिओ नेग्रोची ही शेतीपद्धती ब्राझीलने 2010 साली राष्ट्रीय सांस्कृतिक वारसा म्हणून नोंदवली. ती नोंद योग्यच आहे, पण त्या वारशाचा निम्मा भाग शेतात नसून स्वयंपाकाच्या छपराखाली आहे.

कारण हा कंद एकट्याने अन्न होत नाही. त्याच्याभोवती जंगलातल्या आणखी चार-पाच वनस्पती उभ्या राहाव्या लागतात. आधी त्या अवजारांकडे बघू.

पहिली किसणी. बानिवांची किसणी या सगळ्या टापूत नावाजलेली. किंचित खोलगट लाकडी फळी घेतात, तिच्यावर नक्षी आखून त्या रेषांवर गारगोटीच्या बारीक धारदार कपच्या एकेक करून ठोकून बसवतात. मग वरून सोर्वा नावाच्या झाडाचा चीक फासतात. तो वाळला की कपच्या जागेवर घट्ट बसतात. हे काम बारकाईचं. कपची नीट बसली नसेल तर ती किसात पडते आणि दाताखाली येते. कपच्या विरळ असतील तर कीस जाडा पडतो. जाड्या किसाने काय बिघडतं ते पुढे येईलच. पूर्वापार या नद्यांवर कामांची वाटणीच होती: किसण्या बानिवांच्या, बसायची लाकडी आसनं तुकानोंची, पाठीवर कंद वाहायच्या वेलीच्या टोपल्या जंगलात आत राहणाऱ्या हुप्ड लोकांच्या. एका भाकरीला असे तीन-चार समाजांचे हात लागत.

दुसरी तिपिती, म्हणजे कंद पिळायची विणलेली नळी. ती अरुमाची असते. अरुमा हे आपल्या तवकिलाच्या कुळातलं झुडूप, पाणथळ जागी वाढणारं, सरळ नळीसारख्या दांड्यांचं. जून दांडे तेवढे कापायचे, कोवळे ठेवायचे; बुडख्यातून पुन्हा फुटवा येतो. दांड्याची वरची साल खरवडून कामट्या काढतात, जवळपास बुरूड बांबूच्या काढतो तशा. तिपितीची वीण मात्र तिरकी, आणि सगळी करामत त्या तिरकेपणात आहे. वीण आडवी-उभी असती तर नळी ताणली तरी तिचा घेर बदलला नसता. तिरक्या विणीची नळी दाबली की आखूड आणि फुगीर होते, ओढली की लांब आणि बारीक होते. लांबी साधारण दीड-दोन मीटर, वरच्या टोकाला तोंड आणि अडकवायचा फास, खालच्या टोकालाही एक फास.

तिसरा तवा. मातीचा, सपाट, मीटरभर किंवा त्याहून मोठ्या व्यासाचा. एवढी मोठी सपाट थाळी नुसत्या मातीची केली तर भाजताना तडकते. म्हणून मातीत काराइपे झाडाच्या सालीची राख मिसळतात. या सालीत सिलिका भरपूर असते. साल जाळून, कुटून, चाळून ती राख मातीत मळली की तवा आच सोसतो. आता बऱ्याच घरी लोखंडी तवे आणि पत्र्याच्या किंवा इंजिनवर चालणाऱ्या किसण्या आल्या आहेत. त्याने बायकांच्या मनगटांचे हाल कमी झाले, ते चांगलंच झालं.

आता कृती. सकाळी शेतातून कंद आणायचे, वरची साल खरवडायची, धुवायचे आणि त्याच दिवशी किसायचे. कीस जितका बारीक तितका बरा. तो मोठ्या सपाट विणलेल्या चाळणीत घालतात. ही कुमाता, तीही अरुमाची, तीन काठ्यांच्या तिवईवर ठेवलेली. वरून पाणी घालत हाताने मळायचं, दाबायचं, पुन्हा पाणी घालायचं. चोथा वर राहतो, दुधासारखं पाणी खालच्या मोठ्या भांड्यात उतरतं. आपल्याकडे कुरडयांसाठी भिजवून वाटलेला गहू पिळतात, डिट्टो तसंच. आणि पुढचंही तसंच: भांडं हलवायचं नाही. काही वेळाने सत्त्व तळाशी घट्ट, पांढरंशुभ्र बसतं आणि वर पिवळसर निवळी राहते. कुरडयांची निवळी आपण फेकतो. इथली निवळी दुसऱ्या भांड्यात काढून लगेच चुलीवर चढवतात.

तिन्ही भाग वेगळे झाले: चोथा, सत्त्व, रस. प्रत्येकाची वाट वेगळी.

रस उकळायला लागला की सायनाइड वाफेबरोबर उडून जातं. हायड्रोजन सायनाइड 26 अंशांच्या आसपासच उकळतं, म्हणजे कोमट पाण्याहूनही खाली. तरी बायका दोन-चार उकळ्यांवर भागवत नाहीत, रस बराच वेळ रटरटू देतात. हे काम उघड्या, वारा खेळणाऱ्या छपराखाली करतात, बंद खोलीत नाही. पुरता उकळलेला रस गोडसर लागतो. त्याला मानिकुएरा म्हणतात. तोच आणखी आटवत नेला की काळपट, दाट, टिकाऊ रस्सा तयार होतो, मिरची घातलेला. माशाबरोबर तो खातात.

चोथा आणि सत्त्व एक-दोन दिवस तसंच झाकून ठेवतात. वरवर बघणाऱ्याला ही सवड वाटेल, पण विषाचा बराचसा निचरा इथेच होतो. मग चोथा तिपितीत भरायचा. आधी नळी जमिनीवर दाबून आखूड-फुगीर करायची, तोंडातून चोथा ठासायचा, वरचा फास खांबाच्या खुंटीला अडकवायचा, खालच्या फासातून एक लांब दांडा घालायचा आणि त्याचं एक टोक खांबाच्या बुडाशी अडकवायचं. दुसऱ्या टोकावर बाई बसते. नळी करकरत लांब होते, वीण आवळत जाते आणि सगळ्या अंगातून पाणी पाझरून खालच्या टोकाशी धार लागते. धार थांबली की दांडा आणखी खाली अडकवायचा. शेवटी नळी दाबून सैल केली की आतून चोथ्याचा कोरडा दंडगोल निघतो. तो बोटांनी कुस्करला तर भुगा व्हायला हवा. बोटांना ओल लागली तर पुन्हा पिळायचा.

भुगा चाळतात, त्यात सत्त्व मिसळतात. सत्त्व जास्त तर भाकरी पांढरी, चिवट आणि मऊ. चोथा जास्त तर खरखरीत. प्रमाण घरोघरचं. पाणी घालत नाहीत, मळत नाहीत. तापल्या तव्यावर हा ओलसर भुगा हाताने पसरायचा, बोटभर जाडीचा, तव्याएवढा गोल, आणि विणलेल्या पंख्याने वरून थोपटून सपाट करायचा. पहिली दोन मिनिटं तव्यावर भाकरी नसतेच, नुसता भुसा असतो. मग खालून सत्त्व शिजतं, कण एकमेकांना धरतात आणि कड तव्यापासून सुटते. त्याच पंख्याने अख्खी भाकरी उलटायची. मिश्रण फार ओलं असेल तर ती तव्याला धरते आणि मध्ये कच्ची, गिजगिजीत राहते. फार कोरडं असेल तर उलटताना फुटते. तवा कमी तापला असेल तर सत्त्व शिजण्याआधी वाळतं आणि भुगा भुगाच राहतो. टिकवायची असेल तर भाकरी उन्हात कडक वाळवतात.

याखेरीज भरड पीठ असतं, फारिन्या. त्यासाठी कंद तीन-चार दिवस पाण्यात बुडवून नरम होऊ देतात, आंबूस वास येतो, साल हाताने सुटते. ते कुस्करून, हवं तर ताज्या किसात मिसळून, पिळून, चाळून तव्यावर सतत हलवत कोरडं भाजतात. 100 किलो कंदांतून साधारण 25 ते 30 किलो निघतं, पण कोरडं ठेवलं तर महिनोन्‌महिने टिकतं. प्रवासाला निघताना होडीत हेच असतं.

यामागचं शास्त्र थोडं खोलात सांगतो, कारण चुका कुठे होतात ते त्याशिवाय कळत नाही. कंदात तयार सायनाइड जवळपास नसतंच. असतं लिनामारिन नावाचं संयुग, पेशीच्या आतल्या पिशवीत. ते फोडणारं विकर (एन्झाइम), लिनामारेज, बाहेर पेशीभिंतीत असतं. दोघांची गाठ पेशी चिरडल्याशिवाय पडत नाही. किसताना ती पडते. विकर लिनामारिन फोडतं, त्यातून मधला एक पदार्थ बनतो, आणि उष्णतेने किंवा थोडा वेळ जाऊ दिला की त्यातून हायड्रोजन सायनाइड वायू मोकळा होऊन उडून जातो. म्हणजे क्रम असा: आधी चिरडणं, मग वेळ, मग पिळणं, शेवटी आच.

हा क्रम उलटला की घात होतो. कडू कंद अख्खाच्या अख्खा उकडला तर काय होईल? पाणी उकळायच्या बरंच आधी विकर निकामी होतं. लिनामारिन मात्र उष्णतेला दाद देत नाही. कंद मऊ शिजलेला दिसतो, विष जागच्या जागी राहतं आणि पुढे आतड्यांतले जिवाणू ते फोडतात. कीस जाडा ठेवला तरी तेच, मोठ्या तुकड्यांच्या पोटातल्या पेशी शाबूत राहतात. किसून लगेच भाजला तर विकराला वेळच मिळत नाही. ‘नीट शिजवलं की झालं’ हा स्वयंपाकघरातला भरवशाचा नियम इथे खोटा ठरतो, आणि वाउपेसच्या बायकांना हे रसायनशास्त्राचं नावही नसताना ठाऊक होतं.

या ज्ञानाची किंमत कळायला आफ्रिकेकडे बघावं लागतं. सोळाव्या शतकात पोर्तुगीजांनी कसावा आफ्रिकेत नेला. काड्या गेल्या, पण अरुमाची तिपिती आणि तिच्याभोवतीची सगळी रीत तशीच्या तशी गेली नाही. आफ्रिकेतल्या लोकांनी आपापल्या पद्धती शोधल्या: आंबवणं, भिजत घालणं, वाळवून कुटणं. बऱ्याच चांगल्या आहेत. पण दुष्काळात आणि टंचाईत त्यांतले दिवस कापले जातात. 1981 साली मोझांबिकच्या नांपुला प्रांतात दुष्काळात हजाराहून अधिक माणसांचे, त्यात बहुतेक बायका-मुलांचे, पाय अचानक ताठरले. हान्स रोझलिंग तेव्हा तिथे डॉक्टर होते, आणि या आजाराचा माग काढण्यात त्यांनी पुढची बरीच वर्षं घातली. या आजाराला कोंझो म्हणतात. तो बरा होत नाही. काँगोतल्या बांदुंदू भागात रस्ता झाला, राजधानीत कसावा विकला जाऊ लागला, आणि तीन रात्री भिजणारा कंद एकाच रात्रीत बाहेर काढायला लागले. कोंझो तिथेही आला.

वाउपेसकाठी कोंझो नाही. त्याचं श्रेय कृतीइतकंच ताटातल्या दुसऱ्या पदार्थाला आहे. शरीर उरलंसुरलं सायनाइड थायोसायनेटमध्ये बदलून लघवीवाटे टाकतं, त्यासाठी गंधक लागतं, आणि ते मासे-मांस-कडधान्यांतल्या प्रथिनांतून मिळतं. वाउपेसचं रोजचं जेवण म्हणजे किन्यापिरा, मिरच्या घातलेला माशाचा झणझणीत रस्सा, आणि त्यात बुडवून कसाव्याची भाकरी. नांपुलाच्या दुष्काळात कसाव्याबरोबर खायला दुसरं काही उरलंच नव्हतं.

कोंझोग्रस्त भागांसाठी ऑस्ट्रेलियातले शास्त्रज्ञ हॉवर्ड ब्रॅडबरी यांनी सुचवलेली रीत या जुन्या शहाणपणाला धरूनच आहे: कसाव्याचं पीठ पाण्याने ओलं करायचं, सेंटिमीटरभराहून जाड नाही असा थर पसरायचा, उन्हात दोन तास किंवा सावलीत पाच तास ठेवायचा, मग शिजवायचं. पुन्हा तेच, विकराला पाणी आणि वेळ द्यायचा.

आपला या झाडाशी संबंध रोजचा नसला तरी एकादशीचा नक्की आहे. साबुदाणा म्हणजे सेलमच्या कारखान्यांत काढलेलं कसाव्याचं सत्त्व. कंद सोलून रगडायचे, धुऊन गाळायचे, सत्त्व तळाशी बसू द्यायचं, ओल्या गोळ्याचे हलवून दाणे करायचे, तापल्या तव्यावर अर्धवट शिजवायचे आणि वाळवायचे. धुण्यात, निवळण्यात आणि आचेत विष निघून जातं, म्हणून साबुदाण्याची चिंता नको. टॅपिओका हा शब्दही ब्राझीलच्या तुपी भाषेतूनच आलेला. केरळात एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात त्रावणकोरचे महाराज विशाखम तिरुनाळ यांनी या कंदाला उत्तेजन दिलं, तो तिथला कप्पा.

परदेशात किंवा केरळात राहणाऱ्या कुणी ताजा गोडा कंद आणलाच तर एवढं करा. बाहेरची तपकिरी साल आणि तिच्याखालचा जाड पांढरा-गुलाबी थर, दोन्ही काढा, विष तिथे जास्त असतं. मधला दोरा काढून टाका. लहान तुकडे करून भरपूर पाण्यात, झाकण न ठेवता उकडा, आणि ते पाणी ओतून द्या. कुकरमध्ये थोड्या पाण्यात शिजवून तेच पाणी भाजीत वापरू नका. तुकडा कडू लागला तर सगळाच टाकून द्या, मसाल्याने तो सुधारणार नाही. आणि कच्चा तर कधीच नको.

आपल्या सह्याद्रीतही कडू कंद आहेत, वेगळ्या कुळातले आणि वेगळ्या विषाचे. कडू करांद्यांचे पातळ काप करून राखेच्या पाण्यात उकडतात, टोपलीत भरून रात्रभर वाहत्या ओढ्यात ठेवतात. सकाळी एक काप जिभेवर ठेवून बघायचा. कडवट लागला तर टोपली परत ओढ्यात.